नो

उट्रेक्टला एक दिवस मी एकटीच होते.
टूरवाले फुलं बघायला गेले,
माझा गुडघा म्हणाला, तू राहा.
साडेनऊ ते साडेपाच.
खिशात हॉटेलचं कार्ड, पर्समध्ये नाश्त्याचे दोन पाव,
पेपर नॅपकिनमध्ये, चोरल्यासारखे.

तिथे कालव्याला दोन मजले.
वर सायकली,
खाली पाण्याला टेकून दुसरा रस्ता
आणि त्या रस्त्यावर उघडणारी दारं.
एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर,
एवढे कालवे गिरवले निळ्या शाईने,
पाय एकातही बुडवला नव्हता.

एक म्हातारा होडीतलं पाणी डब्याने उपसत होता.
कुठून आलीस? नागपूर.
नदी आहे का तिथे?
मी म्हणाले, नो.
इतकं सरळ, चहाला नको म्हणावं तसं.

विमानात नाही खुपलं.
घरी येऊन आठवडा झाला होता,
गॅसवाल्याला पत्ता सांगत होते,
नागपूर म्हणता म्हणता जीभ थबकली.
म्हटलं, अगं,
नावातच तर आहे ती.

म्हणून आज तेच बूट, तीच पर्स.
अंबाझरीच्या सांडव्यापासून निघाले.
नियमही तेच: रिक्षा नाही,
भूक लागेल तिथे खायचं,
प्रत्येक पुलावर थांबून दोन्ही कठड्यांवरून बघायचं.

पहिल्याच पुलावर एकाने स्कूटर थांबवली.
"काहून मावशी, काही पडलं का खाली?"
नाही, बघते आहे.
"काय हाय तिथं?"
तोही वाकला. काळं पाणी, एक गादी,
गादीवर बगळा.
"अरे," म्हणाला, आणि बराच वेळ गेला नाही.

पुढे एका फाटकापाशी बाईने
हात स्वतःच्या गळ्याशी धरून दाखवलं,
त्या सप्टेंबरात पाणी कुठवर आलं होतं ते.
फाटक नवीन होतं. भिंत जुनी,
अजून दोन रंगांची.
ती नाला म्हणत होती,
फक्त त्या रात्रीपुरतं सांगताना म्हणाली, नदी आली.

तर्री-पोहे खाल्ले, उभ्यानेच, नाक पुसत.
रुमालात दोन संत्री घेतली.
पाचव्या पुलाशी हाक आली, "गभणे मॅडम ना?"
आमच्या सेक्शनचा शिपाई, शेंडे, आता काठी घेऊन.
त्याला वाटलं मी वाट चुकले.
घरी सोडतो म्हणाला, मुलगा आहे, गाडी आहे.
त्याला कसं सांगू की फिरायला आले आहे?
म्हटलं, सर्व्हे आहे.
तो लगेच बाजूला झाला. जुनी सवय.

सर्व्हे म्हटल्यावर ती शीट आठवली,
शहर हद्दीची. मी हिला सलग रेघ काढली होती.
साहेबांनी पेन्सिलने खूण केली: तुटक करा,
उन्हाळ्यात असतं काय हिच्यात?
मी ब्लेडने खरवडून, श्वास धरून,
तुटक केली.
उत्तम झाली होती. शाबासकी मिळाली.

मोक्षधामच्या भिंतीशी मात्र चाल मंदावली.
यांना इथेच आणलं होतं.
तेव्हा लाकडं किती मण, पावती कोणाच्या नावाची,
ह्यातच दुपार गेली.
शेजारून ही जात होती, हे आज दिसलं.

जगनाडे चौकाच्या अलीकडे गुडघा बसला.
मीही बसले, पुलाच्या कठड्यावर.
ऊन उतरलं, वास मात्र उतरला नाही.
खोटं कशाला बोलू, नाकाला पदर होता.
तिथे खालच्या रस्त्यावर दारं होती.
इथे साऱ्या घरांनी पाठी केल्या आहेत,
मोऱ्या तेवढ्या तिच्याकडे.
एका मागच्या खिडकीत मात्र
कोणीतरी तुळस ठेवली होती, डालड्याच्या डब्यात.

संत्रं सोललं.
साल खाली टाकणार होते, सवयीने,
हात कठड्याबाहेर गेलाही.
मग परत घेतला, साल पर्समध्ये ठेवली.

एक पोरगा बघत होता केव्हाचा.
"आजी, काही पडलं का?"
मी सरकले, त्याला जागा दिली.
दुसरं संत्रं त्याला दिलं.